कामावर अपघात झाला, अपंगत्व आलं. आता परत कामावर जायचं आहे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिनिंग, राईस मिल, आरामशीन, दालमिल, खाण, बांधकाम, नाहीतर दुसऱ्याच्या वावरातला थ्रेसर. कुठेही काम करताना हात, पाय, डोळा किंवा पाठ कायमची दुखावली आणि आता पुन्हा रोजीला लागायचं आहे, अशांसाठी ही उत्तरं आहेत. घरच्या एखाद्या वाचणाऱ्या माणसाने ती मोठ्याने वाचून दाखवली तरी चालेल.

दवाखान्यातून सुटी झाली. कामावर जाण्याआधी कोणते कागद हातात हवेत?

सर्वांत आधी भरतीच्या दिवशीचा कागद पाहा. त्यात अपघात कसा झाला याची एक ओळ असते आणि बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतो. जखमी माणूस बेशुद्ध किंवा कण्हत असतो, सोबत आलेला मुकादम डॉक्टरांना सांगतो, "घरी पडला." तेच लिहिलं जातं आणि दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील तीच ओळ पुढे करतो. असं झालं असेल तर रुग्णालयाच्या अधीक्षकांना लेखी अर्ज द्या: तारीख, वेळ, ठिकाण, मशीन कोणती, सोबत कोण होतं. जुनी नोंद खोडली जात नाही, पण तुमचा अर्ज आवक शिक्क्यासह फाइलला लागतो. त्याची झेरॉक्स जपून ठेवा.

याशिवाय एमएलसीचा (अपघाताची पोलिसांना कळवलेली दवाखान्यातली नोंद) नंबर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रेच्या फिल्म (नुसता रिपोर्ट नव्हे), औषधांची बिलं आणि पगाराचा कोणताही पुरावा लागतो. पगाराची पावती नसेल तर बँकेचं पासबुक, फोनपेवर आलेले पैसे, हजेरीच्या वहीचा फोटो, आठवड्याच्या हिशेबाची चिठ्ठी, काहीही चालतं. कारखान्यातल्या अपघाताने 48 तास किंवा जास्त काम बंद राहिलं, तर त्याची सूचना सरकारी निरीक्षकाकडे पाठवणं मालकावर बंधनकारक आहे. ती पाठवली का, हे लेखी विचारा.

डॉक्टरांनी "हलकं काम करण्यास हरकत नाही" असं लिहून दिलं. एवढं पुरे ना?

नाही. या एका वाक्याने जितकी माणसं पुन्हा दवाखान्यात गेली असतील तितकी दुसऱ्या कशाने गेली नसतील. मुकादमाच्या लेखी हलकं काम म्हणजे क्विंटलच्या पोत्याऐवजी 50 किलोचा कट्टा. डॉक्टरांच्या मनात खुर्चीवरचं काम असतं. कागदावर आकडे नसले की ठरवणारा मुकादमच.

डॉक्टरांकडे जाताना तुमचं जुनं काम वहीच्या एका पानावर तुकडे करून लिहून न्या. उदाहरणार्थ: "आठ तास उभं राहणं. दर पाच-दहा मिनिटांनी वाकून कापूस ओढणं. दोन्ही हात खांद्याच्या वर नेणं. तुंबलेली मशीन मोकळी करणं. दिवसातून चाळीस पायऱ्या." डॉक्टरांनी जिनिंगचा आतला भाग पाहिलेला नसतो, त्यामुळे हे पान नसेल तर ते अंदाजानेच लिहितात. मग पत्रात एवढ्या गोष्टी मागा: एका वेळी किती किलो उचलायचं, सलग किती मिनिटं उभं राहायचं, कोणत्या हाताने पकडायचं नाही, शिडी-मचाण चालेल का, फिरत्या पट्ट्याजवळ काम चालेल का, रोज किती तास आणि पुन्हा तपासणी कोणत्या तारखेला. तारीख महत्त्वाची आहे. ती नसेल तर बंधन कायमचं समजून कामावरून काढून टाकतात, नाहीतर पंधरा दिवसांनी विसरून जातात.

मग परत जायचं कधी?

जखम भरली म्हणजे अवयव कामाला तयार झाला असं नसतं. बोटांचा तुटलेला स्नायूबंध शिवला असेल तर वरची त्वचा दोन आठवड्यांत सांधते, पण आतला धागा जोर सहन करायला साधारण बारा आठवडे घेतो. सहाव्या-सातव्या आठवड्यात बोटं हलू लागतात, माणसाला वाटतं झालं बरं, तो बादली उचलतो आणि आतला टाका सुटतो. दुसरं ऑपरेशन पहिल्याइतकं चांगलं होत नाही.

पहिल्या दिवसापासून पूर्ण पाळी धरू नका. एक दिवसाआड चार तास, असे दोन आठवडे, मग रोज चार तास, मग सहा. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा ठणका आदल्या दिवसापेक्षा वाढलेला असेल तर तास वाढवायचे नाहीत. हंगामात मालकाला अर्धा माणूस नको असतो हे खरं आहे. म्हणून परत जाण्याची बोलणी दिवाळीनंतरच्या गर्दीत करू नका. जिनिंग सुरू होण्याआधी, मशीन ओव्हरहॉलिंगला उघडलेल्या असतात, तेव्हा करा. त्या दिवसांत हातही कमी लागतात आणि शिकायलाही वेळ मिळतो.

जुनं काम जमणार नाही. मालकाकडे नेमकं काय मागू?

"काहीही द्या" असं म्हणू नका. मग झाडू किंवा चौकीदारी मिळते आणि पगारही तसाच. आवारात काय काय कामं चालतात ते आठवा. जिनिंगमध्ये गाडीच्या काट्याची पावती, गेटची आवक-जावक नोंद, रुईतला कचरा वेचणं, गठाणीवर नंबर टाकणं आणि यादी ठेवणं, रोलर-सुरीचं सामान देणं-घेणं ही कामं असतात. राईस मिलमध्ये ओलावा मोजणं, बारदाना मोजणं, कट्टे शिवणं. कट्टे शिवायची हातमशीन एका हाताने पेलत नाही. तिला वरून स्प्रिंगने टांगलं आणि कट्टा पट्ट्यावर सरकला तर पेलते. असा छोटा बदल तुम्हीच सुचवला तर मालकाला होकार देणं सोपं जातं. पायाची अडचण असेल तर उंच स्टूल मागा. उभ्याने करायची बरीच कामं टेकून करता येतात.

एक जागा मात्र ठामपणे नाकारा: चालू मशीन मोकळी करणं. ज्याला एका हाताची दोन-तीन बोटं नाहीत, त्याचा हात अडकला तर तो झटकन मागे खेचता येत नाही. रबराचा किंवा सैल हातमोजा घालून फिरत्या रोलरजवळ जाणं तर त्याहून वाईट, कारण मोजा आधी ओढला जातो आणि हात त्याच्या मागून. तुंबलं की स्विच बंद, फ्यूज किंवा किल्ली स्वतःच्या खिशात, रोलर पूर्ण थांबला की मगच हात.

बोटं गेली. उरलेल्या टोकाला साधा कपडा लागला तरी कळ येते. असं किती दिवस?

कापलेल्या नसेच्या टोकाला संवेदना वाढलेली असते. हात कापडात गुंडाळून लपवला तर ती कमी होत नाही, उलट टिकते. टाके निघाल्यावर आणि जखम पूर्ण कोरडी झाल्यावर दिवसातून चार-पाच वेळा, पाच-पाच मिनिटं, हा सराव करा. आधी रुईचा बोळा टोकावरून फिरवा. आठवड्याने सुती कापड, मग खडबडीत टॉवेल. त्यानंतर परातीत तांदूळ घेऊन हात आत घालून ढवळा, मग तूर, शेवटी सरकी. कळ सहन होईल इतकंच. जमल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नका.

नसलेल्या बोटात किंवा पायात खाज, आग, मुरडा जाणवणं हा वेडेपणा नव्हे. मेंदूत त्या अवयवाची जागा अजून जिवंत असते. आरसा मध्ये ठेवून धड हात त्यात पाहत हलवायचा व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात आणि नसांच्या दुखण्याची वेगळी औषधं असतात. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या यावर फारशा चालत नाहीत. त्या महिनोन्महिने खाल्ल्या तर किडनीची वाट लागते.

कृत्रिम पाय बसवून शेतात किंवा मिलमध्ये काम जमतं का?

जमतं, पण पाय हाती आल्याबरोबर नाही. आधी उरलेल्या भागाला आठच्या आकारात क्रेप बँडेज बांधून आकार द्यावा लागतो. टोकाशी घट्ट, वर येताना सैल. उलटं झालं की टोक फुगतं. बँडेज दर तीन-चार तासांनी सोडून पुन्हा बांधायचं. गुडघ्याखाली उशी ठेवून झोपू नका. गुडघा वाकलेलाच आखडला की साचा (कृत्रिम पायाची खोबण) नीट बसत नाही.

पाय मिळाल्यावर पहिल्या दिवशी अर्धा तास, मग काढून कातडी पाहा. लाली दहा-वीस मिनिटांत गेली तर ठीक. गेली नाही तर साचा तिथे घासतोय. तो कारागिराकडून दुरुस्त करून घ्या, घरी कापूस कोंबू नका. पहिल्या वर्षात उरलेला भाग बारीक होत जातो, त्यामुळे सकाळी घट्ट बसलेला पाय दुपारी खडखडतो. त्यासाठी जादा मोजे सोबत ठेवायचे आणि दुपारी एक वाढवायचा. साचा एकदा तरी बदलावा लागणार हे गृहीत धरा.

आपल्या विदर्भातला खरा शत्रू म्हणजे मे महिना. पंचेचाळीस अंशांत साच्यात घाम साचतो, कातडी मऊ पडते आणि एका दिवसात सोलते. दर दोन तासांनी पाय काढून पुसा, मोजा बदला. रात्री साध्या साबणाने धुवा, पूर्ण कोरडं करा. सकाळी धुऊन लगेच घालू नका. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पाय धरून ठेवतो आणि ओढताना साचा निसटतो. तेव्हा धुऱ्याने (बांधावरून) चाला आणि धड पायाच्या बाजूच्या हातात काठी ठेवा. रबरी जयपूर फूट पाण्यात चालतो, अनवाणी चालता येतं आणि उकिडवंही बसता येतं. शेतीवाल्या माणसाने मागताना हे स्पष्ट सांगावं.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर 45 टक्के आहे आणि भरपाईत 60 टक्के म्हणतात. खरं कोणतं?

दोन्ही. हे दोन वेगळे हिशेब आहेत. यूडीआयडी कार्डावरची (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) टक्केवारी शरीराची असते आणि ती सवलती-योजनांसाठी वापरतात. भरपाईतली टक्केवारी कमावण्याची ताकद किती गेली याची असते. तिच्यासाठी कायद्याला जोडलेली यादी आहे: अंगठा गेला तर 30, एका हाताची चारही बोटं 50, तीन बोटं 30, दोन बोटं 20, पूर्ण तर्जनी 14, मनगटापासून हात 60.

यादीतला आकडा हा शेवटचा शब्द असतोच असं नाही. 1976 साली नोंदल्या गेलेल्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने, डावा हात कोपराच्या वरून कापावा लागलेल्या सुताराचं नुकसान पूर्ण म्हणजे 100 टक्के धरलं. एका हाताने सुतारकाम होत नाही, इतका साधा मुद्दा. म्हणून दाव्यात नुसतं "हात गेला" लिहू नका. तुम्ही कोणतं काम करत होता आणि त्यात तो हात काय करत होता, ते लिहा. डॉक्टरांना दाखवलेलं वहीचं पान इथे पुन्हा कामी येतं.

भरपाईचा हिशेब कसा करतात?

पूर्ण कायम अपंगत्वाला: महिन्याच्या पगाराचे 60 टक्के गुणिले वयाचा गुणांक. अर्धवट अपंगत्वाला त्या रकमेचे तितके टक्के. अपघाताआधीच्या शेवटच्या वाढदिवसाचं वय धरतात. गुणांक 30 वर्षांना 207.98, 35 ला 197.06, 40 ला 184.17, 45 ला 169.44. हिशेबात पगार जास्तीत जास्त 15,000 धरतात (3 जानेवारी 2020 पासून).

समजा वय 35, पगार 12,000, मनगटापासून हात गेला. 12,000 चे 60 टक्के म्हणजे 7,200. त्याला 197.06 ने गुणलं की 14,18,832. त्याचे 60 टक्के 8,51,299 रुपये. उपचाराचा खर्च याहून वेगळा. मालक "पन्नास हजार घे आणि विषय संपव" म्हणतो तेव्हा हा आकडा डोळ्यांसमोर असू द्या.

काम बंद असलेल्या काळात दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या 25 टक्के रक्कम मिळते. कायम अपंगत्वाची रक्कम देय झाल्यापासून महिन्यात द्यायची असते. उशीर झाला तर व्याज आणि कारण नसताना टाळलं तर निम्म्यापर्यंत दंड. दावा दोन वर्षांच्या आत. 1923 चा जुना कर्मचारी भरपाई कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे आणि ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. त्याआधीचे अपघात जुन्या कायद्याने चालतात. हिशेबाचा सांगाडा तोच आहे.

ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कार्ड आहे. मग भरपाई आणि ईएसआय दोन्ही मिळेल का?

नाही, ईएसआय लागू असेल तर तिथूनच. काम बंद असताना पगाराच्या सुमारे 90 टक्के रोखीने आणि कायम अपंगत्व राहिलं तर मेडिकल बोर्डाच्या टक्केवारीनुसार दरमहा आयुष्यभर. अपघातासाठी किती हप्ते भरले हे पाहत नाहीत. पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. विदर्भातलं ईएसआय रुग्णालय नागपूरला सोमवारीपेठेत आहे.

पण जिनिंग-प्रेसिंगवाल्यांनी इथे थांबावं. नुसती कापसाची जिनिंग-प्रेसिंग करणारा हंगामी कारखाना ईएसआयमधून वगळलेला आहे. त्यामुळे तिथल्या मजुराचा रस्ता वर सांगितलेल्या भरपाईचाच. कार्ड नाही म्हणजे हक्क नाही, असं कोणी सांगितलं तर ते चूक.

कामावर परत गेलो तर भरपाई बुडते का?

काम सुरू केल्यावर पंधरवड्याची रक्कम थांबते किंवा कमी होते. कायम अपंगत्वाची रक्कम त्याने बुडत नाही. मात्र यादीत नसलेली इजा असेल (पाठ, मणका, आखडलेला खांदा) आणि तुम्ही जुन्याच पगारावर जुन्याच कामाला लागलात, तर समोरचा वकील "नुकसान कुठे आहे?" असं विचारणारच. म्हणून काम बदलून मिळालं असेल तर तसं पत्र घ्या. पत्र देत नसतील तर तुम्ही अर्ज लिहून पोच घ्या: "अमुक तारखेपासून मला जुन्या कामाऐवजी काट्यावर बसवले आहे."

मालक म्हणतो, "आधी सही कर, मंग कामावर घेतो."

पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर "माझी कोणतीही तक्रार नाही, भरपाई नको" असं लिहून घेतलं, तरी भरपाईचा हक्क सोडणारा करार कायद्याने रद्दबातल आहे. तडजोड करायचीच असेल तर ती भरपाईचे दावे चालवणाऱ्या अधिकाऱ्याकडे नोंदवावी लागते आणि रक्कम फारच कमी असेल तर तो नोंदणी नाकारू शकतो. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा मात्र कधीच नको. तो कागद पुढे पगाराची पावती म्हणूनही वापरला जातो.

"चूक तुझीच होती" हेही ऐकावं लागतं. साध्या निष्काळजीपणाने भरपाई जात नाही. दारूच्या नशेत असणं, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणं किंवा मशीनचं संरक्षक झाकण जाणूनबुजून काढणं, यानेच अडतं. तेही मालकाला सिद्ध करावं लागतं, आणि मृत्यू किंवा पूर्ण कायम अपंगत्वात ही सबब चालत नाही. झाकण आधीपासूनच नव्हतं, असं असेल तर सोबतच्या दोघांचे जबाब लवकर लिहून घ्या. हंगाम संपला की बाहेरगावचे मजूर पांगतात.

मी ठेकेदाराचा माणूस. ठेकेदार फोन उचलत नाही.

ज्याच्या धंद्याचं काम ठेकेदार करत होता त्या मूळ मालकावर दावा करता येतो. त्याने पुढे ठेकेदाराकडून वसूल करावं.

मालक परत घेतच नाही. काय करू?

नोकरी सरकारी आस्थापनेत असेल (वेकोलिची (वेस्टर्न कोलफील्ड्स) खाण, महावितरण, एसटी, जिल्हा परिषद) तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20 तुमच्या बाजूने आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही, हुद्दा खाली आणता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरी जागा, तीही नसेल तर जागा निघेपर्यंत जादा पद.

खाजगी ठिकाणी इतकं भक्कम कवच नाही, हे सरळ सांगितलेलं बरं. ईएसआयचा तात्पुरता लाभ चालू असताना काढता येत नाही. त्यानंतर हातात असतो तो लेखी अर्ज, डॉक्टरांचं आकडेवार पत्र आणि जिल्ह्याचं कामगार कार्यालय. "कामावर घ्या" असा अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. तोंडी गेलात तर पुढे "तो आलाच नाही" असं म्हणतात.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. दिव्यांग व्यक्तीला आणि औद्योगिक कामगाराला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. फोन 15100.

दुसऱ्याच्या वावरात हडंब्यात (थ्रेसरमध्ये) हात गेला. तिथे कसला कायदा?

विजेवर किंवा इंजिन-ट्रॅक्टरवर चालणाऱ्या यंत्राने होणारं शेतीकाम भरपाईच्या यादीत आहे. कीटकनाशकाची फवारणीही आहे. जबाबदार कोण, हे मजुरी कोण देत होतं त्यावर ठरतं. थ्रेसरवाला स्वतःची टोळी घेऊन फिरत असेल तर आधी तो.

स्वतःच्या किंवा घरच्या सातबाऱ्यावर शेती असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक डोळा किंवा एक अवयव कायमचा गेल्यास 1 लाख, दोन गेल्यास 2 लाख. अर्ज 30 दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. भूमिहीन मजुराला ही योजना नाही. बँक खात्यातून दरवर्षी 20 रुपये कापले जात असतील तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे: एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेल्यास 1 लाख. पासबुकात जूनच्या आसपासची नोंद शोधा. कित्येकांना आपला विमा आहे हेच माहीत नसतं.

यूडीआयडी कार्ड कधी आणि कुठे काढू?

घाई करू नका. जखम ताजी असताना बोर्डापुढे गेलात तर तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं किंवा परत पाठवतात. इलाज संपून स्थिती स्थिर झाली की स्वावलंबन पोर्टलवर सेतू केंद्रातून अर्ज करा आणि जिल्हा रुग्णालयात किंवा यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बोर्डाच्या दिवशी जा. दिवस आधी फोनवर विचारून घ्या, नाहीतर एसटीचं भाडं आणि रोजी दोन्ही वाया. आधार, फोटो, डिस्चार्ज कार्ड आणि फिल्म न्या.

कार्ड 40 टक्क्यांखाली पांढरं, 40 ते 79 पिवळं, 80 पासून वर निळं. बहुतेक योजना 40 पासून सुरू होतात. साध्या एसटीत 75 टक्के सवलत आहे. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये. तिथे उत्पन्नाची अट आहे.

एका हाताने घरची शेती कशी करू?

आधी फवारणी सोडा. 16 लिटरचा पंप भरला की पाठीवर वीस किलोंहून जास्त होतो, आणि एका हाताने पट्टा सावरत नळी धरताना औषध अंगावर येतं. करावंच लागलं तर बॅटरीचा पंप आठ लिटरच भरा आणि भरून पाठीवर चढवायला दुसरा माणूस ठेवा. कापूस वेचायला ओटी कमरेला पुढे, उघड्या तोंडाची बांधा. कुट्टी मशीनला एकट्याने चारा लावू नका, लावणारा आणि स्विचजवळचा अशी दोन माणसं हवीत. मोटरचं स्टार्टर कमरेच्या उंचीवर, धड हाताच्या बाजूला घ्या. ओल्या जागेत वाकणं टळलं तरी बरंच झालं.

मशीनचा आवाज आला की छाती धडधडते, रात्री तोच क्षण दिसतो. हे लोकांना सांगू की नको?

सांगा, निदान डॉक्टरांना. अपघातानंतर हे बऱ्याच जणांना होतं. महिना उलटूनही कमी झालं नाही तर त्याचा इलाज असतो. टेली-मानस 14416 वर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. कामाच्या जागी टप्प्याटप्प्याने जा: पहिल्या दिवशी गेटपर्यंत, मग मशीन बंद असताना आत, मग चालू मशीनपासून वीस पावलं लांब. झोप येण्यासाठी दारू सुरू झाली असेल तर तीही डॉक्टरांना सांगा, कारण नसांच्या दुखण्याच्या गोळ्यांसोबत ती घातक ठरते.